लोणारच्या गाळात जपलेला पावसाचा इतिहास

तळ्याच्या तळाशी गाळाचे थर साठत जातात. जुना खाली, नवा वर. ते न विस्कटता काढण्यासाठी तराफ्यावरून दट्ट्या बसवलेली पोकळ नळी गाळात उभी दाबतात. नळी आत शिरताना दट्ट्या जागीच राहतो, म्हणून थर चेपत नाहीत. नळी वर येताच तिची दोन्ही तोंडं बंद करून ‘वर’ आणि ‘खाली’ अशा खुणा करतात.

प्रयोगशाळेत नमुना उभा चिरतात. अर्धा जपून ठेवतात, अर्धा तपासतात. कार्बन-१४ वरून वय कळतं, परागकणांवरून त्या काळची झाडं.

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवरातून असा सुमारे १० मीटर गाळ काढला गेला. जर्मन संशोधकांसोबत पनवेलमधील भारतीय भूचुंबकत्व संस्थाही या अभ्यासात होती. गाळात गेलुसाइटचे स्फटिक मिळाले. पाणी आटून फार खारं झालं की ते तयार होतात. त्यावरून सुमारे ४६०० ते ३९०० आणि २००० ते ६०० वर्षांपूर्वी पाऊस दीर्घकाळ कमी होता, असा निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला.

असा इतिहास गाळासोबत निघून जाऊ नये म्हणून गावातलं जुनं तळं उपसण्याआधी तळाचा एक अखंड नमुना जरूर काढून ठेवावा.