हॅम्पशर
ब्रिटिश नौदलातील एक चिलखती क्रूझर. ही नौका पहिल्या महायुद्धात ५ जून १९१६ रोजी स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी बेटांजवळ सुरुंगाच्या स्फोटाने बुडाली. तिच्याबरोबर ब्रिटनचे युद्धमंत्री लॉर्ड किचनर मरण पावले. त्यामुळे हॅम्पशरची ख्याती मुख्यत्वे तिच्या अखेरच्या प्रवासाशी निगडित आहे. तथापि तिचा सेवाकाल हा चिलखती क्रूझर या प्रकाराच्याच ऱ्हासाचा इतिहास होय.

दूरच्या समुद्रांवरील व्यापाराचे रक्षण करावे आणि प्रसंगी मुख्य आरमाराबरोबर लढावे, अशा दुहेरी हेतूने चिलखती क्रूझर बांधल्या जात. डेव्हनशर वर्गातील सहा नौकांपैकी हॅम्पशर ही एक. आर्मस्ट्राँग व्हिटवर्थ कंपनीच्या एल्सविक येथील गोदीत बांधलेल्या या नौकेचे जलावतरण १९०३ मध्ये झाले व १९०५ मध्ये ती सेवेत दाखल झाली. जलविस्थापन १०,८५० टन, वेग सु. २२ नॉट, १९ सेंमी.च्या चार व १५ सेंमी.च्या सहा तोफा. बाजूचे चिलखत जास्तीत जास्त १५ सेंमी. जाडीचे. आधीच्या मन्मथ वर्गापेक्षा ती सरस होती. परंतु १९०८ मध्ये इन्व्हिन्सिबल वर्गाची, तिच्याहून वेगवान व ३० सेंमी.च्या तोफांची बॅटल क्रूझर सेवेत आली आणि हॅम्पशरसारख्या नौका अवघ्या तीन वर्षांत कालबाह्य ठरल्या.

१९१२ पासून हॅम्पशर चीनच्या सागरी विभागात होती. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाल्यावर, बंगालच्या उपसागरात व्यापारी जहाजे बुडविणाऱ्या आणि २२ सप्टेंबर रोजी मद्रासवर तोफा डागणाऱ्या एम्डेन या जर्मन क्रूझरच्या शोधार्थ तिला हिंदी महासागरात धाडण्यात आले. एम्डेन तिच्या हाती लागली नाही. तिचा नाश सिडनी या ऑस्ट्रेलियन क्रूझरने केला. त्यानंतर ऑस्ट्रेलिया–न्यूझीलंडच्या सैनिकांना ईजिप्तकडे नेणाऱ्या तांड्याला संरक्षण देऊन ती मायदेशी परतली. जटलंडच्या लढाईत (३१ मे–१ जून १९१६) ती दुसऱ्या क्रूझर पथकात होती. तेथे ब्रिटनच्या तीन चिलखती क्रूझर नष्ट झाल्या. हॅम्पशरला मात्र इजा झाली नाही.

लढाईनंतर चारच दिवसांनी किचनर यांना रशियात आर्केंजल बंदरी पोहोचविण्याची कामगिरी तिच्यावर आली. भारतीयांना किचनर परिचित होते ते भारताचे सरसेनापती (१९०२–०९) व लॉर्ड कर्झन यांचे प्रतिस्पर्धी म्हणून. ५ जूनला ईशान्येकडून वादळ घोंघावत असल्याने ॲडमिरल जेलिको यांनी बेटांच्या आडोशाचा पश्चिमेकडील मार्ग निवडला. तो सुरुंगमुक्त करून घेतलेला नव्हता. यू–७५ या जर्मन पाणबुडीने त्याच परिसरात मेअखेरीस, ब्रिटिश आरमारासाठी, सुरुंग पेरून ठेवले होते. नौका स्कापा फ्लोहून दुपारी निघाली. पण थोड्याच वेळात वारा वायव्येकडे वळला आणि आडोसा नाहीसा झाला. सोबतच्या दोन विनाशिकांना वेग राखता येईना, म्हणून त्यांना परत पाठविण्यात आले. सायंकाळी पावणेआठच्या सुमारास मारविक हेड या भूशिरापासून सु. अडीच किमी.वर स्फोट झाला व साधारण पंधरा मिनिटांत नौका बुडाली. उत्तरेकडील उन्हाळ्यामुळे अजून उजेड होता. किनाऱ्यावरील लोकांनी ती बुडताना पाहिली. उसळत्या समुद्रात होड्या सोडणे अशक्य झाले. तराफ्यांवर चढलेल्यांपैकी बहुतेक थंडीने गारठून किंवा खडकांवर आपटून मेले. एकूण ७३७ जण मरण पावले, केवळ १२ वाचले. मदतीस जाऊ पाहणाऱ्या स्थानिकांना अडविण्यात आल्याची तक्रार ऑर्कनीत पुढे पिढ्यान्‌पिढ्या होत राहिली.

किचनर यांचा मृतदेह मिळाला नाही. परिणामी हेर, घातपात, फितुरी अशा अफवा पसरल्या. १९२६ मध्ये तर त्यांची शवपेटी आणल्याचा दावा लंडनमध्ये झाला. पेटी उघडली, तेव्हा तीत शव नव्हतेच. वस्तुतः पाणबुडीची कामगिरी, न तपासलेला मार्ग व फिरलेला वारा एवढ्यावरून घटनेचा उलगडा होतो.

१९२६ मध्ये मारविक हेडवर उभारलेला मनोरा प्रामुख्याने किचनर यांच्या स्मरणार्थ आहे. नौकेवरील सर्व मृतांची नावे कोरलेली भिंत त्याच्या शेजारी २०१६ मध्ये, नव्वद वर्षांनी, बांधण्यात आली. समुद्रतळावर उलटे पडलेले भग्नावशेष युद्धमृतांची समाधी म्हणून कायद्याने संरक्षित आहेत.