निळी टोपी आणि परक्याचा उंबरठा

पहाटे ढाणकीहून बिटरगावच्या रस्त्याला लागले की सैन्यभरतीची तयारी करणारी आपल्या वस्तीतील पोरे धावताना दिसतात. त्यांतल्याच एकाने परवा आम्हाला विचारले, "काका, यूएनमध्ये गेलं की पगार जास्त भेटते म्हणतात, खरं हाय का?" आम्ही होकार दिला. त्याची आई कपाशीच्या निंदणाला निघाली होती. ती डोक्यावरचा डबा सावरत उभी राहिली आणि म्हणाली, "पगाराचं जाऊ द्या भाऊ. पण दुसऱ्याच्या देशातल्या भांडणात आपल्या लेकरानं काहून मरावं?"

आम्ही कचेरीत हिशेब लिहिणारे कारकून. या प्रश्नाचे उत्तर आमच्या खतावणीत नव्हते. म्हणून थोडे वाचन केले. त्यातून जे हाती लागले ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

संयुक्त राष्ट्रसंघाची स्थापना 1945 साली झाली. कोणत्याही देशाच्या घरगुती कारभारात संघाने ढवळाढवळ करू नये, असे त्याच्या सनदेतच लिहिले आहे. मात्र त्याच सनदेच्या सातव्या प्रकरणात, जगाच्या शांततेला धोका असेल तर सुरक्षा परिषदेला बळ वापरण्याचा अधिकारही दिला आहे. या दोन वाक्यांच्या चिमट्यात शांतिसेनेचा शिपाई सापडतो. यजमान देशाची संमती हवी, कोणाची बाजू घ्यायची नाही आणि स्वतःच्या बचावासाठी किंवा सोपविलेल्या कामासाठीच बंदूक चालवायची, असे त्याचे नियम.

संमती नसली की काय होते, हे एका मराठी सेनानीने अनुभवले आहे. 1953 साली कोरियातील युद्ध थांबले. मायदेशी परतायला तयार नसलेल्या बावीस हजारांहून अधिक युद्धकैद्यांचा सांभाळ करायला भारताने फौज पाठविली. तिचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी हट्ट धरला की भारतीय शिपायाचे पाऊल आमच्या भूमीवर पडता कामा नये. तेव्हा आपल्या जवानांना जहाजावरून अमेरिकी हेलिकॉप्टरमध्ये बसवून थेट दोन्ही सैन्यांमधल्या मोकळ्या पट्ट्यात उतरविण्यात आले. री यांच्या मातीला पाय न लावता त्यांनी काम केले आणि 1954 च्या आरंभी ते आटोपून फौज परत निघाली. आमच्या मते हा परक्याच्या घराचा मान राखण्याचा नमुना आहे. पण तिथे एक सोय होती: दोन्हीकडे सरकारे होती आणि लढणाऱ्या दोन्ही बाजूंच्या सेनापतींनी करारावर सह्या केल्या होत्या, जरी री यांच्या सरकारने सही केली नव्हती.

सोमालियात तेही नव्हते. 1991 साली तिथले सरकार कोसळले, टोळ्या एकमेकांच्या जिवावर उठल्या आणि भुकेने माणसे मेली. 1993 मध्ये भारताने एक ब्रिगेड पाठविली. आपल्या जवानांनी विहिरी खोदल्या, दवाखाने चालविले. 1994 साली बैदोआ येथे आपल्या सैन्याचे तीन डॉक्टर मारले गेले. संमती घ्यायची तरी कोणाची, असा तिथला पेच होता.

दक्षिण सुदानचा पेच त्याहून अवघड निघाला. 9 जुलै 2011 रोजी तो देश स्वतंत्र झाला. त्याच्या सरकारला हातभार लावायला शांतिसेना गेली. 9 एप्रिल 2013 रोजी गुमुरुक भागात तिच्या ताफ्यावर हल्ला होऊन आपले पाच जवान शहीद झाले. त्यांत महार रेजिमेंटचे लेफ्टनंट कर्नल महिपाल सिंग होते. बाबासाहेबांनी जिच्यासाठी आग्रह धरला आणि जी 1941 साली बेळगावला उभी राहिली, तीच ही रेजिमेंट. आज तीत सर्व जातींचे आणि प्रांतांचे तरुण आहेत.

त्याच वर्षी डिसेंबरात तिथे यादवी पेटली. ज्या सरकारच्या मदतीला फौज गेली, त्याच सरकारचे सैनिक आता आपल्या नागरिकांना ठार करीत होते. बंडखोरही तेच करीत होते. हजारो माणसे, लेकरे काखेत घेऊन, संघाच्या छावण्यांच्या फाटकांवर आली. फाटके उघडण्यात आली. पुढे 2014 मध्ये सुरक्षा परिषदेने फौजेचे काम बदलून नागरिकांचे रक्षण हे पहिले कर्तव्य ठरविले. 2016 मध्ये जादा चार हजार सैनिक पाठवायचे ठरले, तेव्हा तिथल्या सरकारने सार्वभौमत्वाची ढाल पुढे केली.

गावातील तंटामुक्त समितीचे लोक दोन भावांचा बांधाचा तंटा मिटवायला दोघांच्या राजीनेच बसतात, आणि तेच बरोबर आहे. पण घरचा कर्ताच कुऱ्हाड घेऊन मागे लागला आणि बाई शेजाऱ्याच्या अंगणात धावत आली, तर शेजाऱ्याने आधी कर्त्याची परवानगी आणायची काय? सार्वभौमत्व हे गादीवरच्या माणसाचे नसते, लोकांचे असते. आपल्या घटनेचा आरंभ 'आम्ही भारताचे लोक' असा आहे, तो उगीच नाही. त्याच घटनेचे 51 वे कलम आंतरराष्ट्रीय शांतता आणि राष्ट्रांमधले न्याय्य संबंध यांसाठी झटण्यास सांगते. त्याच्या मसुद्यावर 25 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत चर्चा झाली, तेव्हा बाबासाहेबांनी स्वतः दुरुस्ती मांडली होती.

मात्र शेजारी प्रत्येक वेळी सज्जन असतो असे नाही. पाच बड्या राष्ट्रांपैकी एकाने नकाराधिकार वापरला की सुरक्षा परिषद मुकी होते. तेव्हा कोणाच्या दारात जायचे हे बडे ठरवितात आणि तिथे उभे राहायला बहुतेक शिपाई गरीब देशांचे जातात. 2025 पर्यंत 2 लाख 90 हजारांहून अधिक भारतीय अशा मोहिमांवर गेले, सुमारे 180 परतले नाहीत. आणि खरे बोलायचे तर स्वतःच्या दारातली निळी टोपी आपल्यालाही खपत नाही. काश्मीरच्या युद्धबंदी रेषेवर 1949 साली संघाचे निरीक्षक आले. 1972 च्या सिमला करारानंतर त्यांचे काम संपले, अशी आपल्या सरकारची भूमिका आहे. आम्हाला ती पटते. म्हणूनच दुसऱ्याच्या दारात जाताना आपण जपून पाऊल टाकावे.

या सगळ्याचे त्या माउलीला काय सांगायचे? आम्ही तिला अकोबोची हकीकत सांगितली. 19 डिसेंबर 2013. दक्षिण सुदानमधील लहानशी छावणी, आत आश्रयाला आलेले नागरिक, राखणीला 43 भारतीय जवान आणि बाहेर सुमारे दोन हजारांचा हत्यारबंद जमाव. जमाव आत घुसला. आश्रितांपैकी अनेक जण मारले गेले, आपले दोन जवान पडले.

बाई ऐकत होती. म्हणाली, "फाटक उघडलं, बेस केलं. पण दोन हजारांपुढं त्रेचाळीसच पोरं काहून ठेवली?"

अकोबोनंतर पाच दिवसांनी, 24 डिसेंबरला, सुरक्षा परिषदेने त्या देशातील सैनिकांची मर्यादा 7,000 वरून 12,500 केली. ही तारीख आम्ही तिला सांगितली. तिने बोटांवर पाच दिवस मोजले, डबा डोक्यावर घेतला आणि बायांच्या मागे शेताकडे निघाली.