लग्नसराईचा कॅमेरा आणि त्याचा हिशेब

जुन्नर-आंबेगावात छायाचित्रणाची कमाई प्रामुख्याने लग्नांवर चालते. तुळशीचं लग्न लागलं की नारायणगाव, मंचर, ओतूर, घोडेगावच्या मंगल कार्यालयांत कॅमेरे फिरू लागतात आणि चातुर्मास लागला की कपाटात जातात. कॅमेरा खरोखर किती रुपयांना पडला, हे त्या कपाटातल्या महिन्यांवरही ठरतं.

बॉडीची किंमत म्हणजे निम्मा हिशेबही नव्हे. अक्षता पडण्याचा क्षण परत येत नाही, म्हणून दुसरी बॉडी हवी. शिवाय लेन्सा, फ्लॅश, जादा बॅटऱ्या, कार्डं, हार्ड डिस्क. डिजिटल कॅमेऱ्यावरचा जीएसटी 1 जानेवारी 2019 पासून 28 वरून 18 टक्के झाला. जीएसटी नोंदणी असलेल्या व्यावसायिकाला तो आपल्या देण्यातून वळता करता येतो. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असल्याने ज्यानं नोंदणी केलेली नाही, त्याच्या अंगावर मात्र तो सगळा पडतो.

यांत्रिक शटर झिजतं. कॅननच्या फाइव्ह-डी मार्क फोरचं शटर दीड लाख, तर निकॉन डी 850 चं दोन लाख फ्रेमपर्यंत तपासलेलं आहे. हळदीपासून वरातीपर्यंत एका बॉडीवर तीन हजार फ्रेम धरल्या, तर दीड लाखांत पन्नास लग्नं बसतात. त्यानंतर शटर बंदच पडतं असं नाही, पण बदलण्याचा खर्च आधीच बाजूला काढलेला बरा.

सांभाळण्याचा खर्च तालुक्याच्या कुठल्या टोकाला राहतो यावरही अवलंबून आहे. भीमाशंकर, आहुपे, नाणेघाटाकडच्या पावसाळी दमट हवेत वापराविना पडलेल्या लेन्सच्या आत बुरशी धरते. ती काचेवरचा लेप खाते. मग साफ करूनही डाग राहतो. आर्द्रता 40 ते 50 टक्क्यांवर ठेवणारं ड्राय कॅबिनेट हा त्यावरचा उपाय. ते परवडत नसेल, तर हवाबंद डब्यात सिलिका जेल ठेवावं आणि ते वेळेवर बदलावं. तांदळात कॅमेरा पुरून ठेवण्यानं मात्र पिठूळ धूळच आत जाते. पूर्वेकडे त्रास वेगळा: बैलगाडा घाटातली माती, खंडोबाच्या यात्रेतला भंडारा. अशा ठिकाणी लेन्स बदलली की सेन्सर साफ करण्याचा खर्च आलाच.

विकताना बॉडी आणि लेन्स यांचं नशीब वेगळं. बॉडीचं नवं मॉडेल आलं की जुनीचा भाव उतरतो; चांगली लेन्स तग धरते. 2018 मध्ये कॅननने आरएफ आणि निकॉनने झेड हे मिररलेस कॅमेऱ्यांचे माउंट आणले, तेव्हापासून डीएसएलआरचा बाजार आक्रसत गेला. कॅननच्या 1987 पासूनच्या ईएफ लेन्सा अडॅप्टर लावून नव्या बॉडीवर ऑटोफोकससह चालतात. निकॉनच्या जुन्या एएफ-डी लेन्सांना कंपनीच्या एफटीझेड अडॅप्टरवर ऑटोफोकस मिळत नाही. गिऱ्हाईक हे बरोबर हेरतं.

मुंबईत बोरा बाजारात न्या नाहीतर शेजारच्या गावच्या फोटोग्राफरला दाखवा, जाणता घेणारा लेन्समधून टॉर्च मारून बुरशी बघतो, शटर काउंट आणि पक्कं बिल मागतो. विकायचंच तर दिवाळीच्या आसपास, सराईची मागणी असताना. आषाढात घाईनं काढलेल्या मालाला भाव पाडूनच मागितलं जातं. शेकरूच्या फोटोंसाठी लागणाऱ्या लांब पल्ल्याच्या लेन्सचं काम वर्षात मोजकेच दिवस असेल, तर ती पुण्याहून भाड्यानं आणणंच स्वस्त पडतं.