हस्तलिखितांची छायाचित्रे : प्रतीवरून प्रत काढताना



म्हाइंभटांच्या ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत आज उपलब्ध नाही, तो ग्रंथ आपल्यापर्यंत नकलांमधून, पाठभेदांसह पोहोचला आहे. नकलेवरून नक्कल होताना चुका साचत जातात. मोबाइलने टिपलेल्या छायाचित्राचेही असेच होऊ शकते.

समजा, क्षेत्रकार्यासाठी आपण आसगावातील एखाद्या घरची जुनी पोथी टिपली. मोबाइल असे चित्र बहुधा जेपेग स्वरूपात साठवतो. १९९२ साली प्रमाणित झालेल्या या पद्धतीत चित्राचे ८×८, म्हणजे ६४ बिंदूंचे चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोनातील स्थूल छटा आणि सूक्ष्म बारकावे आकड्यांत मांडून ते आकडे ढोबळ केले जातात. फाइल लहान होते ती प्रामुख्याने यामुळे, आणि हानी होते तीही येथेच. पुसट अनुस्वार अशा बारकाव्यांतच मोडतो. ‘वदन’ आणि ‘वंदन’ यांत भेद एका टिंबाचाच आहे.

फाइल नुसती उघडल्याने वा तिची नक्कल केल्याने काही बिघडत नाही. बदल करून ती पुन्हा जेपेगमध्ये जतन केली की आकडे पुन्हा ढोबळ होतात. म्हणून पुढील पथ्ये पाळावीत :

१. चित्र काटकोनात फिरवायचे असल्यास ‘जेपेगट्रान’सारखे साधन वापरावे. ते चौकोनांतील आकड्यांचीच फेरमांडणी करते. नव्याने ढोबळीकरण होत नाही.

२. कडा कापायच्या असल्यास याच साधनाने कापाव्यात. मात्र डावी व वरची कड ८ किंवा १६ बिंदूंच्या चौकोनाच्या सीमेवरच घ्यावी लागते.

३. उजेड वाढवणे, डाग पुसणे यांसाठी चित्र पूर्ण उलगडावेच लागते. असे काम पीएनजी किंवा टिफ स्वरूपात जतन करावे. फाइल मोठी होईल, पण पुढील प्रत्येक जतनात नवी हानी होणार नाही.

४. व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र ‘फोटो’ म्हणून नव्हे, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे.

एक मर्यादा ध्यानात असू द्या : गेलेला तपशील कोणत्याही स्वरूपात परत येत नाही. म्हणून कॅमेऱ्यातील मूळ फाइल वेगळी ठेवून नेहमी तिच्या नकलेवरच काम करावे. पोथी पुन्हा पाहावयास मिळेलच असे नाही; तेव्हा आपल्या वाचनाला पुरावा राहील तो त्या मूळ फाइलचाच.

स्वयं-अध्ययन प्रश्न : पाठचिकित्सेतील ‘मूळ प्रत’ ही संकल्पना छायाचित्राला कितपत लागू पडते? सोदाहरण लिहा.