अंगठा पूर्ण दाबल्यावर

होंडाने 1970 मध्ये अमेरिकेत फुगीर टायरांची तीनचाकी आणली, तेव्हा तिचं इंजिन अवघं 89 सीसीचं होतं. बर्फात, वाळूत मजेने फिरवायची गाडी ती. तिच्याकडून वेगाची अपेक्षा कुणी करत नव्हतं. 1982 साली सुझुकीची चारचाकी क्वाडरनर आली, 1987 साली यामाहाची दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक बॅन्शी आली आणि एटीव्ही, म्हणजे कुठल्याही वाटेवर चालणारी ही गाडी, शर्यतीला लागली. ‘पूर्ण थ्रॉटलला गाडी मान टाकते’ या तक्रारीला वजन आलं ते अशा गाड्यांमुळे.

कार्बोरेटरच्या काळात ही तक्रार नीट ऐकली की अर्धं निदान झालेलं असे. गाडी सुरू राहते, अर्ध्या थ्रॉटलला छान पळते, पण अंगठ्याने लिव्हर पूर्ण दाबली की भकभक करते. आयडलिंगचं पेट्रोल पायलट जेट सांभाळतो, मधला पट्टा सुई सांभाळते आणि पाऊण थ्रॉटलच्या वर सगळा भार मेन जेटवर येतो. त्यामुळे मेन जेटमधला कचरा खाली जाणवत नाही, वरच जाणवतो.

तरीही जाणता मेकॅनिक आधी कार्बोरेटर उघडत नसे. टाकीचं झाकण सैल करून बघे. टाकीत हवा येण्याची बारीक नळी दुमडली, चिखलाने बुजली किंवा कुंभारमाशीने तिच्यात घर केलं, तर टाकीत निर्वात तयार होतो. संथ चालताना पुरेल एवढं पेट्रोल उतरतं; जोरात पळवली की थोड्या वेळात फ्लोटची वाटी रिकामी. झाकण उघडताच फस्स आवाज झाला आणि गाडी पळाली, की दुरुस्ती फुकटात. मला या साऱ्या शोधकामातली ही तपासणी सर्वांत आवडते.

टू-स्ट्रोकमध्ये मात्र दिरंगाई महाग पडे. पूर्ण थ्रॉटलला पेट्रोल कमी पडलं की मिश्रण पातळ होतं, ज्वलनाची उष्णता वाढते आणि पिस्टनला भोक पडू शकतं. म्हणून गाडी पूर्ण जोरात पळवून तिथल्या तिथे इंजिन बंद करायचं आणि प्लग काढून रंग बघायचा अशी रीत होती. तपकिरी असेल तर ठीक, पांढराफटक असेल तर मोठा मेन जेट. फोर-स्ट्रोक एटीव्हींच्या व्हॅक्यूमवर चालणाऱ्या कार्बोरेटरमध्ये वेगळीच खोडी: रबरी पडद्याला टाचणीएवढं भोक पडलं तरी स्लाइड पुरती उचलत नाही. अंगठा शेवटपर्यंत दाबलेला, स्लाइड अर्ध्यावर.

आणि सायलेन्सर! अमेरिकेतल्या जंगलांत वणवा लागू नये म्हणून त्यात ठिणगी अडवणारी जाळी सक्तीची. तिच्यावर काजळी साचली, की नाक मोकळं पण तोंड दाबलेल्या माणसासारखी इंजिनाची गत होते. लोक मात्र एअर फिल्टर धूत बसतात.

आवाज चढतो पण वेग चढत नाही, तर इंजिनाला दोष देऊ नये. पट्टा किंवा क्लच घसरतोय.

2006 मध्ये सुझुकीची एलटी-आर450 आणि यामाहाची रॅप्टर 700आर कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन घेऊन आल्या. आपल्याकडच्या दुचाकींना तसंच वळण 2020 च्या बीएस-6 नियमांनी लावलं. जेट गेले, संगणक आला आणि कोड वाचून दुरुस्ती होईल अशी समजूतही आली. ती मला अर्धवट वाटते. सेन्सर बिघडला तर कोड येतो. पण टाकीतली पंपाची जाळी गाळाने भरली, तर अनेक गाड्यांत कोड येत नाही, कारण पेट्रोलचा दाब मोजणारा सेन्सरच तिथे नसतो. शिवाय काही वेळा गाडी स्वतःच हात आखडता घेते: इंजिन तापलं म्हणून, किंवा रिव्हर्सचा स्विच अडकल्याने ती मागे जातेय असा तिचा समज झाला म्हणून.

दाबाचा गेज आयडलिंगला लावून समाधान मानणारे आजही भेटतात. साधारण 3 बार दाब तिथे दिसतोच. गेज नळीला नीट बांधून, गाडीवर भार टाकून, अंगठा पूर्ण दाबून काटा बघायचा. तो तेव्हा खाली आला, तर आधी टाकी उतरवायची.