मधल्या स्वराची उमेदवारी

पाश्चात्त्य वाद्यवृंद व्यासपीठावर स्थिरस्थावर झाला म्हणजे श्रोत्यांचे लक्ष प्रथम जाते ते व्हायोलिनवादकांच्या मोठ्या ताफ्याकडे आणि त्यानंतर चेलोच्या भारदस्त नादाकडे. या दोहोंच्या मधोमध, दिसायला व्हायोलिनसारखेच पण किंचित मोठे असे एक वाद्य घेऊन काही वादक बसलेले असतात. ते वाद्य म्हणजे व्हायोला. पूर्ण आकाराच्या सिंफनी वाद्यवृंदात व्हायोलिनवादक सुमारे ३० असतात, तर व्हायोलावादक सुमारे १२. मुख्य धून त्यांच्या वाट्याला क्वचितच येते. तथापि, हे संगीत एकाच वेळी निनादणाऱ्या अनेक स्वरांच्या मेळातून उभे राहत असल्याने मधला स्वर काढून घेतला तर सारी इमारत पोकळ होते. आपल्याकडे ख्यालाच्या मैफलीत तंबोऱ्याकडे कोणी मुद्दाम कान देत नाही. पण तो बेसूर झाला तर गवई कितीही मोठा असो, मैफल रंगत नाही. तुलना तंतोतंत लागू पडणारी नसली, तरी व्हायोलाच्या वाट्याला आलेल्या उपेक्षेची कल्पना तिच्यावरून येऊ शकेल.

ही उपेक्षा वाद्याच्या अंगभूत उणिवेमुळे आली की शिक्षणाच्या अभावामुळे, हा खरा प्रश्न आहे. इतिहास दुसऱ्या बाजूने कौल देतो. आणि आज या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्या तरुणांच्या अडचणींचे मूळही त्याच इतिहासात सापडते.

उरलेल्यांचे वाद्य

जर्मन बासरीवादक व संगीतशास्त्रज्ञ क्वांट्झ याने १७५२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशी नोंद केली आहे की, व्हायोला हे वाद्य बहुधा नवशिक्यांच्या किंवा व्हायोलिनवर चमक दाखवू न शकलेल्यांच्या हाती सोपविले जाते. ही प्रथा सर्वस्वी चुकीची आहे, असेही त्याने बजावले होते. पण त्याचे ऐकले कोणी? पुढे जवळजवळ शतकभराने फ्रेंच संगीतकार बर्लिओझ याने तेच गाऱ्हाणे मांडले, आणि १८६९ साली वाग्नरनेही व्हायोलाच्या बाकांवर थकलेभागलेले व्हायोलिनवादक बसविले जातात म्हणून कडवट टीका केली. पॅरिसची सुप्रसिद्ध कॉन्झर्वेटरी स्थापन झाली १७९५ साली. तेथे व्हायोलाचा स्वतंत्र वर्ग सुरू व्हावयास १८९४ साल उजाडावे लागले. म्हणजे तब्बल ९९ वर्षे युरोपातील एका अग्रगण्य संगीतविद्यालयाला या वाद्याचा खास शिक्षक नेमण्याची गरज वाटली नाही!

शिक्षक नाही म्हणून चांगले वादक नाहीत, चांगले वादक नाहीत म्हणून संगीतकार त्यांच्यासाठी सोपेच काही लिहिणार, आणि जे लिहिले जाते ते सोपे म्हणून शिक्षकाची आवश्यकता नाही, असे हे दुष्टचक्र होते. वाद्य स्वतः हिणकस असते तर बाख आणि मोझार्ट यांच्यासारख्यांनी समूहवादनात ते आवडीने हाती घेतले नसते. द्वोर्झाकने तर १८६२ पासून १८७१ पर्यंतची आपल्या तारुण्याची वर्षे प्रागच्या नाट्यगृहातील वाद्यवृंदात व्हायोला वाजविण्यात घालविली. पगार तुटपुंजा असल्यामुळे शिकवण्या कराव्या लागत. परंतु रोज रात्री संगीताच्या ऐन मध्यभागी बसून वरचा आणि खालचा स्वर एकमेकांना कसे सांभाळतात, हे त्याला आतून ऐकावयास मिळाले. संगीतकाराला याहून चांगली शाळा कोणती असू शकेल?

हे दुष्टचक्र भेदण्याचे श्रेय प्रामुख्याने इंग्लंडमधील लायनेल टर्टिस (१८७६–१९७५) यांच्याकडे जाते. लंडनच्या रॉयल ॲकॅडमीत ते व्हायोलिन शिकण्यासाठी आले होते. चौघांच्या मेळासाठी व्हायोलावादक हवा होता म्हणून त्यांनी ते वाद्य उचलले आणि ते त्याचेच झाले. वाट दाखविणारे कोणी नसल्याने त्यांना बरेचसे स्वतःच शोधून काढावे लागले. १९०० साली त्याच संस्थेत ते व्हायोलाचे प्राध्यापक झाले. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या प्रेरणेने नव्या रचना लिहिल्या गेल्या. वॉल्टनचा व्हायोला कन्चेर्तो मात्र त्यांनी आरंभी नाकारला. १९२९ साली लंडनमध्ये तो प्रथम वाजविला जर्मन संगीतकार हिंडेमिट याने. टर्टिस यांना पुढे आपला नकार चुकल्याचे जाणवले आणि त्यांनीही तो कन्चेर्तो वाजविला. एका पिढीत झालेला हा पालट वाद्य बदलल्यामुळे नव्हे, तर शिक्षण मिळू लागल्यामुळे झाला.

शिक्षणाची बिकट वाट

आजही बहुतेक व्हायोलावादकांची सुरुवात व्हायोलिननेच होते आणि किशोरवयात केव्हातरी हे स्थित्यंतर घडते. ते दिसते तेवढे सोपे नाही. व्हायोलिनची पेटी सुमारे ३५.५ सेंटीमीटर लांब असते. व्हायोलाच्या तारा पाच स्वरांनी खाली जुळविलेल्या असल्याने त्याच प्रमाणात पेटी वाढवावयाची तर ती सुमारे ५३ सेंटीमीटरची करावी लागेल. मग ते वाद्य हनुवटीखाली धरून वाजविणे अशक्यच. म्हणून कारागिरांनी बहुधा ३९ ते ४३ सेंटीमीटरांच्या दरम्यान तडजोड केली. या वाद्याला सर्वमान्य असे एक मापच नाही. नाद खोल हवा तर वाद्य मोठे, आणि वाद्य मोठे तर खांदा व मनगट यांच्यावर ताण. जाड तारा बोलत्या करण्यासाठी गजही वेगळ्या वजनाने चालवावा लागतो. शिवाय स्वरलेखनाची खूण निराळी. रेघ तीच, ठिपका तोच, पण स्वर दुसरा! हात, कान आणि डोळे या तिघांनाही नव्याने वळण लावावे लागते. जुन्या काळी स्वतंत्र रचना थोड्या झाल्या असल्याने बाखने चेलोसाठी रचलेल्या सुइट या वाद्यावर घोटून घ्याव्या लागतात.

शरीराच्या या ताणाकडे डोळेझाक करून चालणार नाही. अमेरिकेतील वाद्यवृंदांच्या २,२१२ वादकांची जी पाहणी १९८८ साली प्रसिद्ध झाली, तीत ७६ टक्के वादकांनी वादनावर परिणाम करणारी निदान एक गंभीर आरोग्यविषयक तक्रार असल्याचे सांगितले. ही पाहणी सर्वच वादकांची होती. पण अवजड वाद्य खांद्यावर पेलणाऱ्यांना तिचा अर्थ अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

पडद्यामागची परीक्षा

पदवी हाती आली म्हणजे खरी कसोटी सुरू होते. जर्मनीत वादनचाचणीच्या पहिल्या फेरीत श्टामित्झ किंवा होफमाइस्टर यांचा कन्चेर्तो वाजवावा लागतो. पुढे वॉल्टन, बार्टोक, हिंडेमिट यांच्यापैकी एखादी रचना आणि त्यानंतर सिंफनींतील निवडक उतारे. अनेक ठिकाणी उमेदवाराचे रूप, वय किंवा ओळख यांचा परिणाम होऊ नये म्हणून पहिली फेरी पडद्यामागे घेतली जाते. निवड झाली तरी वर्षभर प्रोबेशन असते आणि ते संपताना सहकारी मत देतात. ब्रिटनमध्ये चाचणीनंतर अनेक उमेदवारांना आळीपाळीने वाद्यवृंदात बसवून पाहण्याची रीत आहे. हा काळ कित्येकदा महिनोन् महिने लांबतो. त्या अवधीत जेवढ्या वेळा बोलावणे येईल तेवढ्याच दिवसांचा मोबदला.

या पद्धतीत एक विसंगती आहे. चाचणीत पाहिले जाते ते एकट्याने चमकण्याचे सामर्थ्य. नोकरीत मात्र हवे असते ते इतरांना ऐकून त्यांच्यात मिसळण्याचे. त्या दृष्टीने प्रत्यक्ष बसवून पाहण्याची रीत अधिक शहाणपणाची म्हणावी लागेल. परंतु तिला मुदतीचे बंधन नसेल, तर परीक्षा घेणाऱ्याची सोय होते आणि देणाऱ्याची उमेद खचते. इंग्लंडमध्ये २०२५-२६ या वर्षी पदवीचे शुल्क ९,५३५ पौंडांपर्यंत आहे, आणि संगीतविद्यालयाचा पदवीक्रम बहुधा चार वर्षांचा असतो. कर्ज काढून शिकलेल्याने पुढे किती काळ अधांतरी राहावे? बरे, जागा तरी वाढत आहेत काय? वाद्यवृंदांचे माहेरघर समजल्या जाणाऱ्या जर्मनीत सार्वजनिक अनुदानावर चालणारे वाद्यवृंद १९९२ साली १६८ होते. विलीनीकरण आणि काटकसर यांमुळे आज ती संख्या १३० च्या आसपास आली आहे.

यावर एक तोडगा बर्लिनने पूर्वीच दाखविला आहे. आपल्या दर्जाचे वादक विद्यालयांतून तयार होऊन येत नाहीत, असे दिसताच कारायान यांनी १९७२ साली बर्लिन फिलहार्मोनिकला जोडूनच एक ॲकॅडमी काढली. तेथे तरुणांना विद्यावेतन मिळते, वाद्यवृंदातील ज्येष्ठ वादकच त्यांना शिकवितात आणि त्यांच्याच शेजारी बसून वाजविण्याची संधी ठरावीक मुदतीसाठी दिली जाते. उमेदवारी ही शिक्षणाचाच भाग मानली, तिला मोबदला दिला आणि मुदत घातली, म्हणजे ती पिळवणूक राहत नाही.

शाळेविना आसन

मुंबईचा अनुभव याहून वेगळा नाही. मेहली मेहता यांनी १९३५ साली बाँबे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. गोव्यातील चर्चच्या शाळांतून स्वरलिपी व व्हायोलिन शिकलेल्या गोमंतकीय वादकांनी येथील चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद दीर्घकाळ तोलून धरले. पुढे इलेक्ट्रॉनिक वाद्ये आली आणि ते ताफे पांगले. २००६ साली एनसीपीएमध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला, तेव्हा अनेक वादक कझाखस्तान आदी देशांतून आणावे लागले. त्या संस्थेने पुढे मुलांच्या शिक्षणाची सोय केली, हे योग्यच झाले. शाळा नसेल तर आसने परक्यांनी भरावी लागतात, आणि आसने नसतील तर शाळेतील मुले वाऱ्यावर पडतात; दोन्हींचा विचार एकत्रच व्हावयास हवा.

व्हायोलिनवर मागे पडला म्हणून एखाद्या मुलाच्या हाती व्हायोला देणारा शिक्षक क्वांट्झने दाखवून दिलेली चूकच पुन्हा करीत असतो. तशीच, शिकून तयार झालेल्या वादकाला वर्षानुवर्षे दारात ताटकळत ठेवणारी संस्था ९९ वर्षे वर्ग न काढणाऱ्या विद्यालयाच्याच पंक्तीला बसते. मधला स्वर दुय्यम नसतो. तो दुय्यम ठरतो तो त्याच्या शिक्षणाची आणि पोटापाण्याची जबाबदारी कोणी घेत नाही म्हणून.