बसमधला डिझेलचा बंब: सिन्नरच्या थंडीत हायड्रॉनिक हीटर लागतो का?

डिसेंबर-जानेवारीत नाशिक जिल्ह्यातल्या थंडीच्या बातम्या येऊ लागतात. निफाडचा पारा ५ अंशांच्या आसपास किंवा त्याखाली गेला की द्राक्षबागांमध्ये शेकोट्या पेटतात. शेजारच्या सिन्नरमध्येही पहाटे चांगलंच गारठायला होतं. दगड-विटांच्या घरात ही थंडी गोधडीत निभावते. पण जुनी बस घेऊन तिचं फिरतं घर केलं असेल तर? पत्र्याची बस दुपारी तापते आणि रात्री तितक्याच झपाट्याने गार पडते.

बसचा कॅम्पर करणाऱ्यांच्या व्हिडिओंमध्ये अशा वेळी एक नाव हमखास ऐकू येतं, ते म्हणजे हायड्रॉनिक हीटर. हे यंत्र नेमकं काय आहे, ते कुणाला लागतं आणि लावलं तर सांभाळायचं कसं, हे समजून घेऊया.

हायड्रॉनिक म्हणजे नेमकं काय?

जुन्या घरांमध्ये न्हाणीघरात तांब्याचा बंब असायचा. मधल्या नळीत लाकडं किंवा कोळसा जळायचा आणि भोवतीचं पाणी तापायचं. जाळाचा आणि पाण्याचा संबंध यायचा नाही, फक्त उष्णता पलीकडे जायची. हायड्रॉनिक हीटर हा तसाच एक छोटा बंब असतो. यात लाकडाऐवजी डिझेल जळतं आणि पाण्याऐवजी कूलंट तापतं.

हीटरचा आकार साधारण बुटांच्या खोक्याएवढा असतो. एक छोटा पंप टाकीतलं डिझेल थेंबाथेंबाने बर्नरमध्ये सोडतो. ग्लो प्लग ते पेटवतो. दुसरा पंप तापलेलं कूलंट रबरी पाइपांतून बसभर फिरवतो. जिथे ऊब हवी तिथे पंखा लावलेले छोटे रेडिएटर बसवतात. हेच कूलंट अंघोळीच्या पाण्याची टाकीही तापवतं.

हे वर्तुळ हीट एक्स्चेंजरमधून बसच्या इंजिनालाही जोडता येतं. डिझेल इंजिनात जळणाऱ्या इंधनातली साधारण पाव ते एक तृतीयांश उष्णता कूलंटमधून वाया जाते. मोहदरी घाट चढून सिन्नरला पोहोचेपर्यंत अंघोळीचं पाणी फुकटात तापलेलं असू शकतं.

आधी हीटर की आधी भिंती?

आधी भिंती. यामागचं गणित सोपं आहे.

१० मीटर लांब, २.४ मीटर रुंद आणि आतून २ मीटर उंच बस धरा. छत, तळ आणि भिंती मिळून सुमारे ९८ चौरस मीटर पृष्ठभाग होतो. त्यात १२ चौरस मीटर काच आहे, असं समजू.

बाहेर ८ अंश आहेत आणि आत १८ अंश हवेत, म्हणजे फरक १० अंशांचा. पत्रा उघडा असेल तर ही ऊब टिकवायला साधारण ५ किलोवॉट उष्णता सतत लागते. छत, भिंती आणि तळाला नीट इन्सुलेशन केलं, फटी बुजवल्या, तर हीच गरज पावणेदोन किलोवॉटच्या आसपास येते. उरलेल्या गळतीत काचेचा वाटा सर्वात मोठा असतो. म्हणून रात्री खिडक्यांना जाड, अस्तराचे पडदे लावले तर गरज आणखी उतरते.

आता तीच बस हिवाळ्यात लेहला नेली, तर बाहेर उणे १५ आणि आत १८. फरक ३३ अंशांचा. इन्सुलेशन असेल तर साधारण साडेपाच किलोवॉट लागतात. नसेल तर १७ किलोवॉटच्या वर. इतकी उष्णता ५ किलोवॉटचा हीटर देऊच शकत नाही.

बॅटरीवर चालणारा हीटर का नको?

सिन्नरच्या रात्रीसाठी पावणेदोन किलोवॉट आठ तास, म्हणजे सुमारे १४ युनिट वीज लागेल. १२ व्होल्टच्या २०० अँपिअर-अवर लेड-ॲसिड बॅटरीत जेमतेम २.४ युनिट असतात आणि बॅटरी टिकवायची तर त्यातले निम्मेच वापरायचे. म्हणजे अशा दहा-बारा बॅटऱ्या हव्यात.

डिझेलच्या एका लिटरमध्ये साधारण १० युनिट ऊर्जा असते. हीटरमधून त्यातली ८ जरी हाती लागली, तरी तीच रात्र पावणेदोन लिटरमध्ये निघते. पंप आणि पंख्यांना वीज लागते, पण ती रात्रभरात अर्ध्या युनिटच्या आसपास.

मग निवड कशी करायची?

फक्त सिन्नर, नाशिक, महाबळेश्वर असा प्रवास असेल, तर इन्सुलेशन, पडदे आणि चांगल्या रजया यावर बहुतेक रात्री निभावतात. थोडी ऊब हवीच असेल तर डिझेलवर चालणारा गरम हवेचा हीटर पुरतो. तो स्वस्त असतो, त्यात कूलंट नाही, पाइप नाहीत, त्यामुळे गळतीही नाही.

हायड्रॉनिकला पैसे मोजावेत ते तीन कारणांसाठी: अंघोळीला रोज गरम पाणी हवं असेल, लांब बसमध्ये दोन-तीन ठिकाणी सारखी ऊब हवी असेल, किंवा हिमालयात गोठलेलं इंजिन सुरू करण्याआधी तापवायचं असेल.

इथे 'मोठा घेतला की झालं' हा विचार महागात पडतो. ५ किलोवॉटचे बरेच हीटर दीड ते अडीच किलोवॉटच्या खाली मंद होत नाहीत. गरज त्याहून कमी असली की हीटर सतत बंद-चालू होतो. प्रत्येक वेळी पेटताना आणि विझताना डिझेल अर्धवट जळतं आणि बर्नरवर काजळी धरते. त्यामुळे सर्वात कमी पातळी किती, हे विकत घेतानाच विचारावं. गरम पाण्याची १५-२० लिटरची टाकी वर्तुळात जोडली तर हीटरला सलग काम मिळतं आणि काजळी कमी होते.

आणखी एक गोष्ट: आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या बस २४ व्होल्टच्या असतात, पण कॅम्परमधली वेगळी बॅटरी अनेकदा १२ व्होल्टची असते. हीटर कोणत्या बॅटरीवर चालणार हे ठरवूनच ऑर्डर द्यावी.

देखभालीत काय काय येतं?

*कूलंट:* सिन्नरच्या पूर्व भागात पाऊस कमी आणि बोअरच्या पाण्यात क्षार जास्त. ते पाणी वर्तुळात भरलं तर पातेल्याला धरतो तसा पांढरा थर आतून धरतो. म्हणून कूलंट डिस्टिल्ड पाण्यातच मिसळावं. सिन्नरला पाणी गोठत नाही, तरी गंज रोखण्यासाठी कूलंट लागतंच. लडाखसाठी निम्मं पाणी, निम्मं ग्लायकॉल हे मिश्रण उणे ३५ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असतं. सांडलेलं लगेच पुसा, मुलं आणि कुत्री-मांजरं दूर ठेवा.

*हवा:* पाइपात हवा अडकली की खळखळ आवाज येतो, एक रेडिएटर तापतो आणि दुसरा गारच राहतो. भरणीची टाकी सर्वात वर आणि पंप खाली असावा. उंच जागी हवा काढायचे नळ ठेवावेत.

*महिन्यातून एकदा पूर्ण जाळ:* उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा २०-३० मिनिटं हीटर पूर्ण क्षमतेने चालवावा. यामुळे काजळी जळते, पंप अडकत नाही आणि जुनं डिझेल निघून जातं.

*वायर:* पेटताना ग्लो प्लग बराच करंट ओढतो. वायर बारीक असेल तर व्होल्टेज पडतं आणि हीटर एरर दाखवून बंद होतो. 'हीटर बिघडला' अशा अनेक तक्रारींचं मूळ वायरमध्ये किंवा दमलेल्या बॅटरीत सापडतं.

*बंद करण्याची पद्धत:* मेन स्विच थेट पाडू नये. बटणाने बंद केल्यावर हीटर दोन-तीन मिनिटं स्वतःला थंड करतो. ती मिनिटं मिळाली नाहीत तर आतले भाग जास्त तापून खराब होतात.

जीवावर बेतणारी चूक कोणती?

धूर. डिझेल जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते, आणि झोपेत असलेल्या माणसाला हेही कळत नाही. बसमधल्या सगळ्यांचं एकदम डोकं दुखू लागलं तर 'थंडीमुळे असेल' असं न म्हणता आधी बाहेर पडा.

बर्नरला लागणारी हवा बाहेरूनच घ्यावी. धुराचा पाइप बसच्या कडेबाहेर, खिडकी-दारापासून लांब काढावा. तो डिझेलच्या नळीजवळून नेऊ नये. झोपण्याच्या जागी ईएन ५०२९१ मानकाचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म लावावा. हीटर बंद पडला म्हणून बसमध्ये कोळशाची शेगडी किंवा गॅस पेटवून झोपणं हा सर्वात धोकादायक पर्याय आहे.

दुसरा धोका आगीचा. ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे नाशिकमध्ये अपघातानंतर खासगी बसने पेट घेतला आणि १२ जणांचा जीव गेला. त्या घटनेचा हीटरशी संबंध नव्हता. पण झोपलेल्या माणसांना पेटत्या बसमधून बाहेर पडायला किती कमी वेळ मिळतो, हे तिने दाखवलं. म्हणून फर्निचर बसवताना आपत्कालीन दार झाकू नये. अग्निशामक हाताशी असावा आणि डिझेलच्या नळीला पाझर नाही ना, हे दर प्रवासाआधी पाहावं.

लडाखला जाताना वेगळं काय?

सिन्नर साधारण ६५० मीटर उंचीवर आहे, लेह ३,५०० मीटरवर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशच असतो. हवा कमी आणि डिझेल तेवढंच, म्हणून काजळी वाढते. उंचीनुसार डिझेल कमी करण्याची सोय हीटरमध्ये आहे का, हे आधी पाहावं.

शिवाय साधं डिझेल कडाक्याच्या थंडीत मेणासारखं घट्ट होतं. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं हिवाळी डिझेल आणलं. सिन्नरहून भरून नेलेली टाकी तिथे पोहोचण्याआधी संपवावी आणि हे डिझेल भरावं.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरणही आणलं. त्यामुळे पत्रा कापण्याआधी आरटीओत जाऊन काय चालेल हे विचारणं शहाणपणाचं. नोंद नसलेल्या बदलामुळे अपघातानंतर विम्याचा दावा अडकू शकतो.

थोडक्यात, क्रम असा: आधी परवानगी, मग इन्सुलेशन, मग अलार्म आणि सर्वात शेवटी हीटर. बऱ्याच जणांना पहिल्या दोन टप्प्यांनंतर लक्षात येईल की सिन्नरच्या थंडीला गोधडीच पुरेशी आहे.